मागे घेतलेला अहवाल

आमच्या लॅबला मानांकन मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा मला वाटलं होतं की सगळ्यात जास्त जीव जाणार तो फायली लिहिण्यात. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमच्या चार खोल्या आहेत. हळद, बेदाणा, गूळ, मिरची, मसाले, कधी कुणाच्या विहिरीचं पाणी असे नमुने येतात. त्यात काय आहे आणि काय असायला नको होतं ते तपासून आम्ही कागद देतो. लॅब सरांची. सर साताऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी त्यांची विद्यार्थिनी. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, सांगलीला परतले. मी शिरवळच्या एका कारखान्यात तीन वर्षं काढली आणि लग्न होऊन सांगलीलाच आले. सरांना कळलं तसा त्यांनी निरोप पाठवला, ‘घरी बसून कंटाळशील, ये.’ त्याला आता बरीच वर्षं झाली.

मानांकन म्हणजे तपासणाऱ्याचीच तपासणी. बाहेरचे जाणकार येतात, तुमची यंत्रं, वजनं, नोंदी, हात चालवायची पद्धत, सगळं बघतात. मग ठरतं, तुमच्या कागदावर लोकांनी विश्वास ठेवायचा की नाही. खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा. पण सरकारनं योजना काढली होती. मानांकन मिळालं की खर्चाचा मोठा भाग परत मिळणार होता, आणि ज्या लॅबनी अर्ज केलाय त्यांच्याकडं बचत गटांचा माल सरकारी खर्चानं तपासायला येणार होता. योजना चांगली होती, असं मी आजही म्हणते. त्या योजनेतूनच सुभेदारकाकी आमच्याकडं आल्या.

आटपाडीच्या बाजूच्या एका वाडीतल्या त्या. नवरा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, म्हणून गावात सगळे त्यांना सुभेदारकाकी म्हणायचे आणि मीही तेच म्हणायला लागले. वय पन्नाशीचं, पाठ ताठ, बोलणं मोजकं. अकरा बायकांचा गट करून त्या कांदा-लसूण मसाला बनवायच्या. सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. पिशवीतून दोन पाकिटं काढून त्यांनी टेबलावर नीट उभी ठेवली.

“ताई, पुण्याच्या दुकानवाल्यास्नी आमचा मसाला पसंत पडलाय. पन तपासणीचा कागद पायजे म्हनत्यात. सरकार फुकट तपासून देतंय म्हनं.”

“देतं,” मी म्हणाले. “आठ दिवस लागतील.”

“लागू देत. कागद पक्का पायजे बगा. आमच्यातल्या निम्म्या बायांचा इस्वासच बसंना, की आपला मसाला पुण्याच्या दुकानात जाईल म्हनून.”

मिरची वाळवताना ओल राहिली की तिच्यावर एक बुरशी धरते. ती बुरशी विष तयार करते आणि ते दळलं, भाजलं तरी जात नाही. ते किती असलं तर चालेल याची सरकारनं मर्यादा घालून दिलेली आहे. बाकीच्या सगळ्या तपासण्यांत काकींचा मसाला चांगला उतरला. या एका तपासणीत मर्यादेच्या थोडा वर गेला. मी दुसऱ्या पाकिटातला मसाला घेऊन पुन्हा तपासलं. पुन्हा तेवढंच. सरांनी दोन्ही वेळचे आकडे बघितले आणि सही केली. सरकारी योजनेतला अहवाल असल्यानं तो त्याच दिवशी त्यांच्या पोर्टलवरही चढवावा लागला. नियमच होता तसा.

मी काकींना फोन केला. ते बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं, कारण नंतर मी ते मनात किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

“काकी, मसाल्यात बुरशीचं विष आलंय. जास्त नाही, पण मर्यादेच्या वर आहे. विकता येणार नाही.”

मग त्या म्हणाल्या, “विष म्हंजी?”

मी समजावलं. लिव्हरला अपाय होतो म्हणाले, लगेच नाही, पण बरेच दिवस पोटात जात राहिलं तर.

“आमी तर रोज ह्योच खातोय. समद्यांच्याच घरात ह्योच हाय.”

“थांबवलेलं बरं,” मी म्हणाले.

दोन-तीन मिनिटांचं बोलणं. पलीकडच्या टेबलावर हळदीचे नमुने रांगेत थांबले होते. मी फोन ठेवला आणि ते घेतले.

पुढचे चार महिने नुसते लिहिण्यात गेले. कोणतं काच-सामान कुणी धुतलं, खोलीत गारवा किती होता, वजनकाटा कधी तपासला, सगळं लिहायचं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा त्या कामाचा हिशेब. घरी गेलं की सासूबाई विचारायच्या, “आज काय तपासलंस?” आणि मला सांगता यायचं नाही, कारण तपासलेलं थोडं आणि लिहिलेलं फार असायचं. पाहणीची तारीख जवळ आली तशी मोजमापाची सगळी साधनं पुण्याला पाठवायची होती, ती बरोबर मोजतात असा दाखला घ्यायला. त्यात एक पिपेट होतं. पिपेट म्हणजे थेंबाथेंबानं मोजून द्रव घ्यायची बारीक नळी. आमच्याकडं विषाचं तयार, माहीत असलेलं द्रावण येतं. ते पिपेटनं मोजून घ्यायचं आणि यंत्रात त्याच्याशी नमुना ताडून बघायचा. ह्या पिपेटचा दाखला खरं तर आधीच घ्यायला हवा होता. मुदत उलटून गेली होती. आज पाठवू, उद्या पाठवू म्हणत राहून गेलं. ते पाठवणं माझं काम होतं.

पुण्याहून दाखला आला, त्यात लिहिलं होतं की हे पिपेट कमी द्रव उचलतं.

मी तो कागद घेऊन सरांसमोर बसले. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला. “म्हणजे आपलं माहितीचं द्रावण कमी पडत होतं,” ते म्हणाले, “आणि त्याच्याशी ताडलेला प्रत्येक नमुना आहे त्यापेक्षा वाईट दिसत होता.”

“जे पास झाले ते पासच राहतात, सर.”

“हो. नापास काढ.”

रजिस्टर उलटत गेलो. त्या काळात ह्या तपासणीत नापास झालेले तीनच नमुने होते. दोन मर्यादेच्या कितीतरी वर, त्यांना ह्या चुकीनं काही फरक पडणार नव्हता. तिसरा आटपाडीचा. प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग आम्ही काही महिने फ्रीजमध्ये जपून ठेवतो. काकींचं पाकीट तिथं होतं, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. नव्या पिपेटनं मी ते तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा मसाला मर्यादेच्या आत होता. जरासाच आत, पण आत.

मला खूप वाईट वाटलं असं म्हणायला हवं. पण त्या क्षणी मला फक्त थकवा जाणवला. दोन आठवड्यांवर पाहणी होती. मी सरांना म्हणाले, “सुधारलेला अहवाल पोस्टानं पाठवून देऊ. पत्रात सगळं लिहू.”

सर रागावले नाहीत. “फोनवर विष आहे म्हणून सांगितलंस ना?” ते म्हणाले. “मग हे पत्रानं कसं सांगणार? माझे गुडघे चालते तर मीच गेलो असतो.”

मी गेले. भिवघाटपर्यंत एसटीत बसायला जागा मिळाली नाही. आटपाडीला उतरून वडापच्या जीपनं वाडी गाठली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काकींचं घर शोधावं लागलं नाही. दारासमोर शेडमध्ये मसाला कुटायचा डंका होता आणि त्याच्यावर पोती टाकून दोरीनं बांधलेली होती. काकी दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. पाणी पिऊन होईपर्यंत काहीच विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. पिपेट, दाखला, पुन्हा केलेली तपासणी. नवा अहवाल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “चूक आमची होती, काकी. तुमचा मसाला चांगला होता. ते पिपेट वेळेवर मीच पाठवलं नाही.”

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. शेडकडं बघत म्हणाल्या, “गाडून टाकला की समदा.”

“सगळा?”

“विष हाय म्हनल्यावर गुरास्नीबी घालता येत न्हाई. वड्याच्या कडंला खड्डा खांदला. अकरा जनींच्या घरातनं बरण्या आनून वतल्या. वर माती लोटली. वरीसभराचा मसाला हुता घराघरातला.” मग म्हणाल्या, “दुकानवाल्यानं दुसरीकडनं घेतला. त्येचं काय न्हाई.”

त्या ‘त्येचं काय न्हाई’ म्हणाल्या तेव्हा मला कळलं, अजून काहीतरी आहे.

काकींची सून पोटुशी होती. मी फोन केला तेव्हा तिसरा महिना होता. त्या दिवशी काकींनी सगळ्यांसमोर सांगितलं, मसाल्यात विष निघालंय, कुणी खाऊ नका. सुनेनं ते ऐकलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. डॉक्टरांकडं नेलं, सोनोग्राफी केली, सगळं ठीक होतं, पण तिच्या मनातून जाईना. तिच्या आईला कळलं तशी आई आली आणि लेकीला घेऊन गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, पण अशी तिसऱ्या महिन्यात, भांडून, नव्हे. जाताना दारात उभी राहून म्हणाली होती की सासूनं माझ्या लेकीला चार महिने विष घातलं.

“चार म्हैने न्हवं, धा दिस झालं हुतं त्यो मसाला काडून,” काकी म्हणाल्या. “पन बोलायचं कुनाला.”

त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटत होतं त्यांनी चिडावं, चार शब्द सुनवावेत. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. “ताई, जेवून घ्या. मग माज्यासंगं चला. ह्ये तिच्या आईला तुमीच सांगायचं. माजं त्या ऐकून घ्यायच्या न्हाईत.”

मला परतीची एसटी गाठायची होती. ते मी बोलले नाही. भाकरी, शेंगांची चटणी आणि आमटी वाढली होती. आमटी पिवळी होती, मसाल्याशिवायची.

सुनेचं माहेर तिथून दोन गावं पलीकडं. सुभेदारकाकांनी आम्हाला गाडीनं नेलं आणि ते फाट्यावरच थांबले. म्हणाले, “मी आलो की त्यांचं तोंड अजून वाकडं होईल. तुम्ही बायकाच बोला.” घरात काकींची विहीण होती, तिनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली पण स्वतः उभीच राहिली. सून आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सातवा महिना लागला होता.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी खोटं वाटत होतं. आपल्याच तोंडाचं आपल्याला पटू नये तसं. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी तवा विष हाय म्हनला ते तुमीच?”

“हो.”

“आनि आता न्हाई म्हनताय तेबी तुमीच?”

“हो.”

“मग उद्या परत काय म्हनशीला?”

आम्ही ज्या मानांकनासाठी वर्षभर फायली लिहीत होतो त्याचा सगळा मुद्दा तिनं एका वाक्यात विचारला होता. मी म्हणाले, “तुम्हाला पाहिजे तर दुसरीकडं तपासा. उरलेला नमुना मी देते, पत्ता देते. आमच्यावर विश्वास ठेवू नका.”

“आता कशाला,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तेव्हा सून पुढं आली. बारावीपर्यंत शिकलेली, हे काकींनी वाटेत सांगितलं होतं. तिनं सासूच्या हातातला अहवाल घेतला, जपून खाली बसली आणि वाचायला लागली. “ह्यातला कुठला आकडा बघायचा?” तिनं विचारलं. मी बोट ठेवून दाखवला. शेजारची मर्यादा दाखवली. तिनं जुना अहवाल मागितला. तो माझ्याजवळ होता. दोन्ही शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत होती.

“बाळाला काय होईल का?”

मला ‘काही होणार नाही’ असं म्हणायचं होतं. पण माझ्या अधिकारात तेवढं नव्हतं. “मसाल्यामुळं नाही,” मी म्हणाले. “एवढं मी सांगू शकते. बाकी डॉक्टर सांगतील.”

तिनं मान हलवली. दोन्ही कागद घडी करून आपल्याजवळ ठेवले. चहा झाल्यावर सासूचा कप तिनंच आणून तिच्या हातात दिला. कपाला हात लावताना काकींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

पाहणीला दोघं आले. त्यातल्या वयस्क गृहस्थांनी त्या प्रकरणाची फाईल स्वतःहून पुढं ओढली, कारण सरांनी ती सगळ्यात वर ठेवली होती. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “साधन वेळेवर का पाठवलं नव्हतं?”

सर काही बोलायच्या आत मी म्हणाले, “माझ्याकडून राहून गेलं.”

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. शाबासकी दिली नाही, रागावलेही नाहीत. मानांकन लांबणीवर पडलं. सुधारणा दाखवा, पुरावे पाठवा, पुन्हा येऊ. सहा महिने त्यात गेले.

त्यापेक्षा जास्त दमवलं पोर्टलनं. काकींच्या गटाच्या नावापुढं तिथं ‘नापास’ आलं होतं, आणि त्यामुळं सरकारी प्रदर्शनाच्या यादीतून, पुढच्या प्रमाणपत्राच्या मदतीतून गट आपोआप वगळला गेला होता. मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथले अधिकारी सज्जन, पण माझ्यासारखेच थकलेले. पत्र वाचून त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला.

“मॅडम, इथं दोनच खाने आहेत. पास आणि नापास. ‘लॅबचं चुकलं’ असा खाना नाही.”

“मग नवा अहवाल चढवते.”

“एका नमुन्याला एकच अहवाल घेतं हे. वर लिहावं लागेल.”

वर लिहिलं. वरून विचारणा आली, तिला उत्तर दिलं. ते उत्तर ठरलेल्या फॉर्मवर नाही म्हणून परत आलं. मधे त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्यांना पहिल्यापासून सांगितलं. त्या कार्यालयातल्या जिन्याच्या पायऱ्या मला पाठ झाल्या, चौथी तुटकी, वळणावरची ओली. शेवटी एक दिवस नावापुढचा शेरा गेला. का गेला, कुणी घालवला, ते कळलं नाही. मी काकींना फोन केला तर त्या म्हणाल्या, “व्हय का? बरं झालं,” आणि मागं बाळाचा आवाज येत होता.

मुलगी झाली होती, चांगली धडधाकट. सून सव्वा महिन्यानं नाही, चांगली पाच महिन्यांनी परत आली. माझ्या कागदानं आली की बाहेरगावी असलेल्या नवऱ्याच्या सुट्टीमुळं आली, काकींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विहीणबाई अजून त्यांच्या घरी जेवत नाहीत. चहा घेतात.

गटात आता सहाच बायका राहिल्या आहेत. बाकीच्या पाचजणींनी सरळ सांगितलं, आता पुन्हा नको. त्यांच्यापुढं बोलायला मला तोंड नव्हतं. मी शिरवळला माझ्या जुन्या कारखान्यात शब्द टाकला आणि तिथल्या कॅन्टीननं मसाला घ्यायचं कबूल केलं. अट तीच, तपासणीचा कागद पाहिजे, मानांकन असलेल्या लॅबचा. तोपर्यंत आमचं मानांकन आलं होतं. सरांनी ते भिंतीवर लावलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत घरी बसले आणि अहवालावरच्या सह्या माझ्याकडं आल्या. योजनेतून परत मिळायची रक्कम अजून आलेली नाही. अर्जात त्रुटी आहे, असा संदेश येतो. कोणती, ते लिहिलेलं नसतं.

काकींनी मसाला आमच्याकडं पाठवला नाही. पुण्याच्या दुसऱ्या लॅबला पाठवला. फोन करून आधी सांगितलं मात्र.

“ताई, राग मानू नगा. बायास्नी तुमच्याकडं न्हाई पायजे.”

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणाले. खरंच बरोबर होतं. तरी त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

पंधरा दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. पुण्याचा अहवाल आला होता, सुनेनं त्याचा फोटो काढून मला पाठवला होता.

“पास म्हनत्यात. पन लय बारीक लिवलंय. सूनबाई म्हनती हितं टक्क्यात कायतरी हाय, त्ये कळंना. तुमी जरा वाचून सांगता का?”

मी फोटो मोठा केला. तक्ता आमच्यासारखाच होता, वर त्यांच्या मानांकनाचं चिन्ह, खाली सही.

“सांगते,” मी म्हणाले. “सूनबाईंनाही जवळ बसवा. पहिली ओळ ओलाव्याची आहे.”